मागचा डावा स्पीकर

झाकण पडलं. स्टीलच्या डब्याचं झाकण, ओट्यावरून निसटलेलं. पडल्या जागी गप्प बसेल तर ते झाकण कसलं! कडेवर उभं राहून ते फरशीवर गरगर फिरलं, आधी सावकाश, मग घाईघाईने, मग आवाज बारीक आणि किरकिरा होत गेला आणि एकदाचा टप्पकन थांबला. थांबल्यावर घरातली शांतता आधीपेक्षा जास्त ऐकू यायला लागली.

पिपाणी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मी नाही पाडलं," ती म्हणाली.

"मीच पाडलं गं."

"बाबाला सांगू का, की तू पाडलंस?"

"सांग. आणि म्हणावं, झाकण सुखरूप आहे."

पिपाणी हसली नाही. पूर्वी हसली असती, आणि हसताना तिने आणखी दोन झाकणं मुद्दाम पाडून बघितली असती. पिपाणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा दवाखान्यातली नर्स कानावर हात ठेवून म्हणाली होती, ही मुलगी नाही हो, पिपाणी आहे. तेच नाव चिकटलं. घरात, जिन्यात, शाळेच्या रांगेत ती वाजतच असायची. पण घरात काही पडलं, आपटलं, दार लागलं, की आता ती आधी कबुली द्यायला येते. पाच वर्षांच्या मुलीने आपला आवाज घडी घालून ठेवून द्यावा, तसा तिने ठेवला होता. तो कुणी तिला ठेवायला सांगितला नव्हता.

तिच्या पाठीवरचा भाऊ मात्र अगदी उलट. गोल, गुबगुबीत, म्हणून गब्दू. "याला रडायचासुद्धा आळस," असं सासूबाई म्हणायच्या. भूक लागली तरी तो आधी दोन-चारदा हुंकार देऊन बघायचा, कुणी ऐकतंय का ते पाहायचा आणि मगच रडायचा. हिवाळा लागायच्या आधी तो गेला. आठ महिन्यांचा होता.

आई त्या दुपारी पिपाणीला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. घरी बाप आणि लेक, दोघेच. बापाने त्याला मोठ्या पलंगावर थोपटून झोपवलं, एका बाजूला उशा लावल्या, दुसऱ्या बाजूला भिंत होतीच. झोपलेलं मूल उचलून पाळण्यात नेऊ नये, जागं होतं, हे तिनेच त्याला शिकवलेलं. आळशी गब्दू उशिराने, त्याच आठवड्यात पालथा व्हायला शिकला होता, आणि शिकलेली गोष्ट सारखी करून बघायची वेळ ती. गादी आणि भिंत यांच्यामध्ये एक फट होती. मोठ्या माणसाचा मोबाइल पडला तर चडफडत हात घालून काढावा, एवढीशी.

मोठ्या दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात नवरा तिला भेटला तेव्हा त्याच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्यात तिची. तो एवढंच म्हणाला, "झोपेतच गेला गं तो. रडलासुद्धा नाही."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तिची काडी म्हणजे ही दोन वाक्यं. त्या काडीवर तिने अख्खा हिवाळा काढला. लोक भेटायला आले, ते रडले, तिने त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, झोपेतच गेला हो, रडलासुद्धा नाही. सासूबाई जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "झोपेतलं मरण भाग्यवंताला येतं गं." आठ महिन्यांच्या लेकराला भाग्यवंत म्हणताना त्यांचाच आवाज फाटला, पण तिने ते वाक्यही ठेवून घेतलं. टाकून देण्यासारखं तेव्हा काहीच नव्हतं.

सकाळी ती कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानात कामाला जायची. पुढे काउंटर, मागे वाफेने कायम ओली असलेली खोली. आलेल्या कपड्यांचे खिसे रिकामे करायचे, डाग कुठे आहेत ते पाहायचं, कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचायची, हे तिचं काम. खिशांमधून काय काय निघतं! किल्ल्या, औषधांच्या गोळ्या, कुणाच्या तरी कानातला एकच डूल. एकदा एका पुरुषाच्या कोटाच्या आतल्या खिशातून बाळाचा मोजा निघाला. निळा, अंगठ्याएवढा. मालकीणबाईंनी तो बघितला आणि त्या पटकन पुढे होऊन म्हणाल्या, "आण इकडे, मी बघते."

"राहू द्या," ती म्हणाली. तिने तो मोजा एका छोट्या पिशवीत घातला, पिशवी कोटाच्या गुंडीला टाचली आणि पुढचा कोट घेतला. काडी हातात होती ना.

"धीराची आहेस बाई," मालकीणबाई म्हणाल्या.

धीराबिराचं काही नव्हतं. तिला एकच गोष्ट माहीत असायला हवी होती आणि ती माहीत होती: त्याने हाक मारली नाही. त्याने हाक मारली आणि कुणी आलं नाही, असं झालं नाही. एवढं सोडून बाकी काहीही असो, ती जगू शकणार होती, पिपाणीची वेणी घालू शकणार होती, आणि त्या माणसाच्या शेजारी त्याच पलंगावर झोपू शकणार होती. पलंग आता खोलीच्या मधोमध ओढला होता. दोन्ही बाजूंनी उतरता यायचं.

तो माणूस पोटासाठी ऐकायचा. हे लग्नात कुणाला सांगायची सोय नव्हती. "जावई काय करतात?" "ऐकतात." तिच्या मामांना शेवटपर्यंत वाटत होतं की तो लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या खात्यात आहे.

या दोघांच्या वडलांच्या तरुणपणी निघालेले रॉकचे जुने अल्बम एक कंपनी नव्याने काढत होती. तेव्हा ते दोन स्पीकरसाठी बनले होते. आता जुन्या मूळ टेप शोधून काढायच्या, चिकट झाल्या असतील तर मंद आचेवर शेकून वाजवण्याजोग्या करायच्या, गिटार वेगळी, ड्रम वेगळे, आवाज वेगळा, असं सगळं सुटं करायचं आणि पाच स्पीकरमध्ये नव्याने वाटून द्यायचं. तीन समोर, दोन पाठीमागे. मधे बसलेल्या माणसाला वाटावं, आपण गाण्याच्या पोटातच बसलो आहोत. हे वाटून द्यायचं काम त्याचा मित्र करायचा. सारखा बटणांशी खेळतो म्हणून तो बटण्या. "आमचा मिक्सर उलटा, वहिनी," तो म्हणायचा, "तुमचा वाटून एकत्र करतो, आमचा एकत्र झालेलं सुटं करतो." आणि बटण्याने केलेली टेस्ट डिस्क साध्या घरात, साध्या खोलीत कशी वाजते ते ऐकून नावं ठेवायची, हे काम तिच्या नवऱ्याचं. तानसेन होता आलं नाही म्हणून कानसेन झाला, असं बटण्या सगळ्यांदेखत म्हणायचा, आणि मग कानसेन हेच नाव पडलं.

गिऱ्हाईक भारी चोखंदळ. बहुतेक टक्कल पडलेले, पोट सुटलेले गृहस्थ. सोळाव्या वर्षी ऐकलेला अल्बम त्यांना पाठ. बायकोचा वाढदिवस विसरतील, पण ड्रमवाला चौथ्या कडव्याआधी खाकरतो ते विसरणार नाहीत. ते खाकरणं नव्या डिस्कमध्ये कमी झालं तर घर डोक्यावर घेतील.

म्हणून मग घर कानसेनाच्या खुर्चीभोवती लागलेलं. बाहेरच्या खोलीच्या बरोब्बर मधे खुर्ची, फरशीवर चिकटपट्टीच्या फुल्या, खुर्ची तसूभरही हलवायची नाही. समोर भिंतीशी तीन स्पीकर. मागे उजवा खिडकीपाशी, आणि मागचा डावा झोपायच्या खोलीच्या दाराला लागून. त्या खुर्चीतच सगळं नीट ऐकू यायचं, दोन हात बाजूला सरकलं की गाणं लंगडं. "तुझं गाणं म्हणजे एकट्याचं ताट आहे," ती त्याला चिडवायची. "बायको-पोरांनी काय करायचं? भिंतीला कान लावायचे?" तो हसायचा आणि म्हणायचा, ये बस ना. ती कधी बसली नाही. धुणं असायचं, भांडी असायची, कुणीतरी शी केलेली असायची.

हिवाळा लागला तेव्हापासून स्पीकरवर जुन्या चादरी होत्या. तो आता कंपनीच्या गोदामात खोकी बांधायचा. "कान दुखतात," एवढंच त्याने सांगितलं होतं, आणि ते कुणी खोदून विचारलं नाही.

झाकण पडलं त्या रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, बेल वाजली. दारात बटण्या. गब्दू गेल्यावर तो पहिल्यांदाच घरी येत होता. एका हातात पिपाणीसाठी रंगीत खडूंची पेटी, दुसरा हात कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

"या भाऊजी," ती म्हणाली. "किती दिवसांनी."

"हो ना, वहिनी. येतो येतो म्हणत..." त्याने खडू पिपाणीला दिले. "काय गं पिपाणी, वाजत नाहीस हल्ली?"

"झोपायची वेळ झाली आहे," पिपाणी मोठ्या बाईसारखी म्हणाली आणि खडू घेऊन आतल्या खोलीत गेली.

कानसेन आला, समोर बसला. दोघा मित्रांनी हवेबद्दल बोलून घेतलं. गोदामातल्या एकाची टर उडवून झाली. तिने चहा टाकला.

"बरं ऐक," बटण्या म्हणाला, "कामाचं बोलतो आणि पळतो. ती पहिली टेस्ट डिस्क दे रे. छत्रीवाल्या अल्बमची." कव्हरावर उलटी टांगलेली छत्री होती म्हणून तो छत्रीवाला. "पुढच्या आठवड्यात खरी डिस्क बाजारात येते आहे. कंपनी जुन्या सगळ्या गोळा करून मोडून टाकते आहे."

"नाहीये माझ्याकडे."

"नाहीये म्हणजे?"

"हरवली."

"तुझ्याकडून?" बटण्या हसायला लागला. "अरे, तुझ्याकडून डिस्क हरवली म्हणजे मांजराकडून दूध हरवलं. शोध ना जरा."

"हरवली म्हटलं ना!"

कप घेऊन बाहेर आलेली ती जागीच थांबली. हिवाळाभरात त्या माणसाचा आवाज एवढा चढला नव्हता. बटण्याही चपापला. त्याने कप घेतला, त्यात बघत राहिला आणि मग, आपण काहीतरी सावरून घेतो आहोत अशा मऊ आवाजात, तिच्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, एक सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला घोर नको. नव्या डिस्कमध्ये मी ते रडणं ठेवलेलं नाही. पार काढून टाकलं. कंपनीला सांगितलं, तेवढी टेप वाचवता आली नाही. लोक शिव्या घालतील, घालू देत. पण ते तसंच बाजारात गेलं असतं ना, तर मला घास गिळला नसता."

"कुठलं रडणं?" तिने विचारलं.

बटण्याने मित्राकडे पाहिलं. मित्र फरशीवरच्या फुल्यांकडे पाहत होता.

"कुठलं रडणं, भाऊजी?"

"नाही, म्हणजे... मला वाटलं, तुम्हाला..."

"सांगा."

"त्या लांबलचक गाण्यात आहे ना, मधे. सगळी वाद्यं थांबतात आणि एक बाळ रडतं. जुन्या रेकॉर्डमध्ये ऑर्गनखाली दबलेलं होतं, कुणाला धड ऐकूही यायचं नाही. मी टेप सुटी केली तर इतकं स्वच्छ निघालं... मी ते मागच्या डाव्यात ठेवलं होतं. एकट्यालाच." त्याने मान वळवून चादरीखालच्या स्पीकरकडे बघितलं, त्याला लागून असलेल्या झोपायच्या खोलीच्या दाराकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. पण आता गाडी उतारावर लागली होती. "यानेच फोन केला होता मला. म्हणाला, लेका बटण्या, दोनदा पळालो! दोनदा! गब्दू उठला म्हणून खुर्ची सोडून धावतो तर साहेब ढाराढूर, आणि रडतो आहे तुझा मागचा डावा. किती हसलो आम्ही. मी म्हटलं, मग काम फत्ते..."

"कधी केला होता फोन?"

बटण्याने कप फरशीवर ठेवला.

"भाऊजी, फोन कधी केला होता?"

"त्याच दिवशी," बटण्या म्हणाला. "दुपारी."

चहा तसाच राहिला. कानसेन उठला, "मी याला खाली सोडून येतो," म्हणाला आणि बटण्याच्या आधी तोच बाहेर पडला. बटण्याने बूट घालताना दोनदा तिच्याकडे पाहिलं. मग जिन्यात दोघांची पावलं उतरत गेली.

तिने हातातला कप खाली ठेवला आणि स्पीकरवरच्या चादरी काढल्या, एकेक, वाळलेलं धुणं काढावं तशा. काढून घड्याही घातल्या. डिस्क वाजवायच्या मशिनची वायर भिंतीतून उपटलेली होती, ती तिने लावली. डिस्क शोधायला तिने कपाटाकडे हात नेला, तोच मशिन आपणहून घरघरलं आणि त्याच्या काळ्या पट्टीवर आकडे उजळले. डिस्क आतच होती. त्या दिवसापासून आतच होती. ती काढायला हात लावावा लागला असता, आणि तेवढा हात त्याच्याकडे उरला नव्हता.

ती त्याच्या खुर्चीत बसली. पहिल्यांदाच. खुर्चीला त्याच्या पाठीचा आकार आला होता.

लांबलचक गाणं तिने रिमोटने शोधून काढलं. समोरून गिटार आली. मग उजव्या खांद्यामागून कुणीतरी पुटपुटल्यासारखं गायला लागलं, तिने दचकून मागे बघितलं, तिथे खिडकी होती. चांगलं होतं. हे सगळं चांगलं होतं, हे तिला पटलं आणि त्याचा राग आला. आवाज चारी बाजूंनी भरत गेला, पुराच्या पाण्यासारखा, आणि मग एकाएकी सगळं थांबलं.

मागून डावीकडून बाळ रडलं.

पुढचं तिला कळलं तेव्हा ती उभी होती, आणि झोपायच्या खोलीच्या कडीवर तिचा हात होता. कधीच्या आटलेल्या छातीत कळ आली होती. मागे ड्रम सुरू झाले. तिने कडी सोडली. आत पिपाणी निजलेली असणार, आणि दुसरं कुणी नाही, हे तिने स्वतःला शब्दांत सांगितलं. मग ती परत खुर्चीत येऊन बसली आणि गाणं मागे नेलं.

या खेपेला तिला माहीत होतं. तरी शांतता झाली आणि रडणं आलं तशी ती अर्धी उठली. खुर्चीच्या हातांवर तळवे टेकून तशीच लटकत राहिली, आणि मग खाली बसली.

पुन्हा मागे नेलं.

आता तिला रडणं नीट ऐकू आलं. ते बाळ मधेच श्वास घेतं, त्या श्वासाला बारीकशी शिट्टी आहे. गब्दूची नव्हती तशी. हे गब्दूपेक्षा लहान असावं, मुलगीसुद्धा असेल. खोली मोठी असावी, कारण आवाज लांबून परत येतो आहे. त्या बाळाला टेपच्या मशिनीजवळ कुणी रडवलं असेल, की ते आपलंआपणच रडलं असेल? ड्रम सुरू झाले.

ड्रम सुरू झाले तेव्हा तिच्या ध्यानात आलं की या खेपेला ती उठली नाही. उठावंसंसुद्धा वाटलं नाही. हातपाय तसेच जागच्या जागी होते. तिच्या, आईच्या शरीराला तीन खेपांत कळून चुकलं होतं की मागून डावीकडून येणारं रडणं म्हणजे डिस्क.

तिने रिमोट छातीशी धरला. इतका वेळ तिला वाटत होतं की हे ऐकून झालं की आपल्याला त्याच्या नावाने तळतळाट करता येईल. त्याला घराबाहेर काढता येईल, किंवा त्याच्या गळ्यात पडता येईल, दोहोंतलं एक काहीतरी. आता दोन्ही हातचं गेलं होतं.

दार वाजलं. तो आत आला, उघड्या स्पीकरकडे बघितलं आणि चप्पल न काढता उंबऱ्यातच उभा राहिला.

"बस," ती म्हणाली.

तो बसला नाही.

"तू ऐकलंस," ती म्हणाली.

"हो."

"तू म्हणालास, रडला नाही."

"हो."

"माझ्याकडे बघून बोल ना रे!"

त्याने बघितलं. "तुला काय सांगणार होतो मी? तू व्हरांड्यातून येत होतीस. पिपाणीच्या गालात कापूस होता, दाताचा. तिचा हात धरून येत होतीस. तोंडातून निघून गेलं. मग दुसऱ्या दिवशी तूच तुझ्या आईला तसं सांगितलंस, मग सगळ्यांना सांगत सुटलीस. ते तुझ्या हातातून कसं काढून घेऊ?"

तिने गाणं मागे नेलं, शांततेच्या जरा अलीकडे, आणि वाजवलं. रडणं आलं, गेलं. ड्रम सुरू झाले. तिने थांबवलं.

"एवढंच?" तिने विचारलं. "त्या दिवशीही एवढंच होतं?"

त्याचा हात चाचपडत भिंतीला लागला.

"सांग. एवढंच होतं?"

"पहिल्या दोन वेळा एवढंच." तो भिंतीशी बोलल्यासारखा बोलत होता. "तिसऱ्या वेळी बटण्याला फोन करून झाल्यावर परत बसलो. त्या वेळी जरा आधीच सुरू झालं. आणि ड्रम सुरू झाल्यावरही थांबलं नाही. ड्रमच्या खालून ऐकू येत होतं. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"मला वाटलं, ह्याने जास्त लांबवलं आहे. आधीच्या दोन वेळा मी धावाधावीत नीट ऐकलं नाही, म्हणून ध्यानात आलं नसेल. मी मनात म्हटलं, बटण्याला सांगायला हवं, रडणं फार होतंय, ड्रमवर चढतंय. शेवटी शेवटी बारीक कर म्हणावं. आणि मग ते... मग ते आपणहूनच बारीक होत गेलं. मला वाटलं, बरं केलंय हे. छान उतरवलंय."

रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार आपटलं. ती खुर्चीच्या हाताला धरून बसली होती. तिला वाटलं, आता आपण किंचाळणार. पण किंचाळीसुद्धा कुठल्या कुठे लांब, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात असल्यासारखी राहिली. गब्दूने आधी हुंकार दिले असतील. दोन-चारदा. कुणी ऐकतंय का ते पाहिलं असेल.

"मी उठलो असतो," तो म्हणाला. "पुन्हा एकदा उठलो असतो तर काय झालं असतं? दहा पावलं. मी स्वतःलाच हसलो होतो गं, दोनदा फसलो म्हणून. तिसऱ्यांदा फसायचं नव्हतं मला."

तिला म्हणायचं होतं, मीसुद्धा नाही उठले. आत्ता, इथे, तुझ्याच खुर्चीत, सगळं माहीत असूनही नाही उठले. ते वाक्य जिभेवर आलंही. पण ते त्याला दिलं असतं तर तो सुटला असता, निदान थोडासा, आणि तिच्याजवळ काय उरलं असतं? आणि नाही दिलं तर तो उद्या गोदामात जाणार, खोकी बांधणार, संध्याकाळी येऊन मधे ओढलेल्या पलंगाच्या त्याच्या बाजूला आडवा होणार, आणि आयुष्यभर मनातल्या मनात ती दहा पावलं चालत राहणार. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या चपलेचा पट्टा तुटायला आला होता. हे कसं दिसतं आहे आपल्याला, असं तिला वाटलं.

"मारायचं असेल तर मार," तो म्हणाला.

ती उठली. त्याच्यापाशी गेली आणि तिने खरोखरच हात उचलला. तो डोळे मिटून उभा राहिला. मिटलेल्या डोळ्यांचा तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. निजलेला गब्दू असाच दिसायचा, भुवया जराशा वर गेलेल्या. उचललेला हात तसाच राहिला, आणि मग तो त्याच्या छातीवर पडला, आपटला, पुन्हा आपटला, आणि नंतर त्याचा शर्ट मुठीत धरून राहिला. दुसऱ्या हातातल्या रिमोटचं बटण अंगठ्याखाली दाबलं गेलं. गाणं पहिल्यापासून सुरू झालं. थांबवायला हवं हे दोघांनाही कळत होतं आणि दोघांनीही थांबवलं नाही. गिटार वाजून गेली. खिडकीशी कुणीतरी पुटपुटलं. पाणी चढत चढत आलं आणि एकाएकी सगळं थांबलं.

रडणं सुरू झालं.

झोपायच्या खोलीचं दार उघडलं. पिपाणी डोळे चोळत बाहेर आली. गालावर उशीची सुरकुती, बोटांना निळा खडू. तिने आधी स्पीकरकडे पाहिलं, अगदी जवळ जाऊन त्याच्या जाळीला कान लावला. मग एकमेकांना धरून उभ्या असलेल्या आईबापाकडे वळली. कितीतरी दिवसांनी ती मोठ्याने, पूर्वीच्या आवाजात बोलली.

"आई, बाळ रडतं आहे ना? मग तुम्ही दोघं नुसते उभे का? त्याला कुणी उचलत का नाही?"